मावशीची मिशीवाली सवत

आमची मावशी गेली. येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणतो, फार प्रेमळ बाई होती. होतीच प्रेमळ, कोण नाही म्हणतंय. पण मावशी जळकी पण होती, आणि ते कोणी बोलत नाही, मेलेल्या माणसाबद्दल असं कसं बोलायचं म्हणून. आता यात वाईट काय आहे? ती स्वतःच सांगायची. "मला दुसऱ्याचं बघवत नाही गं, पोटात दुखतं, आणि डॉक्टरकडे याचं औषध पण नाही." शेजारणीचे कपडे आधी वाळले तरी हिचं डोकं फिरायचं. ते वगळून मावशीबद्दल सांगितलं तर ती मावशी नाहीच, दुसरीच कोणीतरी बाई.

तर मावशी आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान नव्हतं. काकांनी एका बेकरीची पाव पोचवायची जुनी गाडी घेतली होती, तिच्या आत पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली, छोटं बेसिन, हत्यारांचं कपाट, आणि मावशीने खिडक्यांना पडदे शिवले. आता अशा गाडीला लोक कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि फोटो काढतात. तेव्हा सगळे घरगाडीच म्हणायचे. त्या गाडीतून दोघं गावोगाव फिरायची. काका मशीन खोलायचे, साफ करायचे, जोडायचे, आणि मग मावशी त्यावर बसून एक लांब शिवण घालायची. तिने मान हलवली की मशीन गिऱ्हाइकाच्या हातात. तिने नाक मुरडलं की काका गुपचूप परत खोलायचे.

त्या गाडीचं इंजिन पुढे नव्हतं की मागे नव्हतं. दोन सीटच्या मधोमध एक पेटी होती, तिच्या आत इंजिन. पेटीवर मावशीने जाड कापडाचं आवरण शिवलं होतं. मावशीचे पाय बारा महिने गार. ती गाडीत बसली की चपला काढायची आणि दोन्ही पाय त्या पेटीवर टाकून काकांशी गप्पा मारत बसायची. पेटी फार तापली की म्हणायची, "अहो, पाय भाजले माझे." काका लगेच सावली बघून गाडी बाजूला घ्यायचे. "चल, चहा टाक." दोघं चहा प्यायची, पेटी गार व्हायची, मग पुढे.

ह्या गोष्टीचा मावशीला भयंकर तोरा होता. बायका जमल्या की हीच गोष्ट. "माझे पाय नुसते गरम झाले तरी माणूस गाडी थांबवतो. तुमचे थांबवतील?" आमची आई, म्हणजे मावशीची सख्खी बहीण, चिडून म्हणायची, "आमच्याकडे गाडीच नाही, थांबवणार काय, भिंत?"

एवढं सगळं सुखाचं असताना मावशीला एक सवत होती. सवतीला मिशा होत्या.

ती सवत म्हणजे काकांचा मित्र, फिटर. स्वतःचं छोटं गॅरेज, बुटका, पोट पुढे, आणि मिशी अशी की खालचा ओठ कधी कोणाला दिसला नाही. सुट्टीच्या दिवशी काका घरगाडी घेऊन त्याच्याकडे जायचे आणि दोघं पेटीचं झाकण काढून आत डोकं घालून बसायचे. त्यांची एक पद्धत होती. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतला आवाज थेट कानात येतो. आधी काका ऐकायचे, मग फिटर ऐकायचा, मग दोघं एकमेकांकडे बघून असे हसायचे की जसं काही इंजिनने त्यांचीच तारीफ केली. मावशी गॅरेजच्या दारात डबा घेऊन उभी, आणि तिचा तिळपापड.

"एवढा कान लावून माझं कधी ऐकलंत का?" ती एकदा म्हणाली.

काका आतूनच म्हणाले, "तू कान न लावता ऐकू येतेस."

फिटर हसला. मावशीने डबा तिथेच ठेवला आणि पायी घरी आली. काका बोलले त्याचं काही नाही, नवराच तो. पण तो मिशीवाला हसला, ते तिने कधी विसरलं नाही.

मग काका गेले. सकाळी मशीनला तेल घालत होते, छातीत कळ आली, म्हणाले जरा पडतो, आणि पडले ते पडलेच. घरी सगळी जमली. मावशी गप्प बसली होती, दगडासारखी. फिटर आला आणि दारातच ओक्साबोक्शी रडायला लागला. असा रडला की लोक त्यालाच सावरायला धावले. कोणी पाठीवर हात फिरवतंय, कोणी पाणी देतंय. मावशी आईला हळूच म्हणाली, "बघ. नवरा माझा गेला आणि पाणी त्याला."

काका गेले पण पोट कुठे जातं? गावोगावची गिऱ्हाइकं फोन करायला लागली, मशीन अडलंय, कधी येता. मावशीला बघून बघून बरंच काम येत होतं. अडचण एकच, तिला गाडी चालवता येत नव्हती. फिटर आपणहून आला. "वहिनी, मी चालवतो. दादाचं काम बंद पडायला नको." दुसरा उपाय नव्हता, मावशी हो म्हणाली. पण निघायच्या वेळी फिटर काकांच्या सीटवर बसला, पाय पोचेनात म्हणून खालचा खटका दाबून त्याने सीट पुढे ओढली. इतकी वर्षं त्या सीटची जागा हलली नव्हती. मावशीने पुढचं दार लावलं, मागच्या दाराने आत गेली, पलंगावर बसली आणि मधला पडदा ओढून घेतला.

"वहिनी, पुढे बसा की, हवा लागेल."

"मला इथेच बरं आहे."

गाव आलं, काम झालं, परत निघाले. वाटेत मोठा चढ होता. चढ अर्धा झाला आणि पुढून फस्स करून आवाज आला, पेटीतून पांढरी वाफ, गाडी दोन आचके देऊन उभी. पडद्यामागून मावशी ओरडली, "काय केलंत माझ्या गाडीला?"

दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून ती गॅरेजमध्ये आणली. फिटरने हेड काढलं, हेड म्हणजे इंजिनचं वरचं टोपण, आणि ते हातात धरून बराच वेळ नुसता बसला. ते तापून वाकलं होतं, आणि एका बाजूला चीर.

"बोला," मावशी म्हणाली. ती स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर, साक्ष द्यायला आल्यासारखी.

"दोन रस्ते आहेत वहिनी. एक, हेच दुरुस्त करू. हेड वेल्डिंग करून घासून आणू, पिस्टनच्या रिंगा बदलू. पण याचे पार्ट आता कुठे मिळत नाहीत. भंगारात शोधत फिरावं लागेल. आणि केलं तरी हे म्हातारं आहे, जपून चालवावं लागेल. कधी रुसेल सांगता येत नाही."

"आणि दुसरा?"

"इंजिनच बदलायचं. एक कुरियरची गाडी ठोकून आलीये, मागून चेपलीये, इंजिन धडधाकट आहे. लहान आहे, हलकं आहे. पण इथे सरळ बसणार नाही. त्याच्या बैठकी नव्या बनवाव्या लागतील. आपला गिअरबॉक्स त्याला चालणार नाही, त्याचाच घ्यायचा. मग मागच्या चाकांना फिरवणारा मधला दांडा लांब पडतो, तो कापून आखूड करायचा. रेडिएटर मोठा. वायरिंग सगळं नवीन. कागदावर इंजिनचा नंबर बदलून घ्यायचा. काम लांबेल, पण एकदा झालं की तुम्ही आणि तुमचा रस्ता. त्याला कोणी कान लावायची पण गरज नाही."

हे शेवटचं वाक्य मावशीला फार गोड लागलं. कान लावायची गरज नाही! पण तिला घाई नव्हती. फिटरचं तोंड उतरलेलं दिसत होतं, आणि ते तिला अजून थोडं बघायचं होतं.

"तुमच्या मनात काय आहे भावजी?"

"माझ्या मनात," फिटर हेडवरून बोटं फिरवत म्हणाला, "दादा असता तर हेच दुरुस्त केलं असतं."

झालं. मावशी ताडकन उठली. "दादा असता तर हे झालंच नसतं! तुम्हाला समोर काटा दिसत नव्हता का? इंजिन तापलं की काटा वर जातो, एवढं मलासुद्धा कळतं."

"काटा तर कधीचा मेलाय, वहिनी."

"म्हणजे?"

"तो काटा चालतच नाही. नुसता तिथे आहे. दादा तुमच्या पायांवर गाडी चालवायचा." फिटरला वाटलं आपण फार चांगलं सांगतोय, त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुम्ही म्हणालात पाय भाजले, की तो ओळखायचा, आता तापलं, थांबवायला पाहिजे. मी त्या दिवशी विसरलोच हो. तुम्ही मागे बसलात आणि सांगायला कोणी राहिलं नाही."

मावशी परत स्टुलावर बसली. फिटरला वाटलं हिला भरून आलं. भरून नव्हतं आलं. आयुष्यभर जी गोष्ट छाती पुढे काढून बायकांना सांगितली, ती त्या माणसाने एका वाक्यात मातीत घातली होती. काका तिच्या पायांसाठी थांबत नव्हते. इंजिनसाठी थांबत होते.

"म्हणजे मी थर्मामीटर होते," ती म्हणाली.

"तसं नाही वहिनी..."

"तुम्हा दोघांचं लाडकं बाळ होतं, आणि मी त्याच्या कपाळाला हात लावायला ठेवलेली बाई. काढा. आजच काढा ते. कुरियरवाल्याचं बसवा."

घरी येऊन तिने आईला फोन केला आणि रडली. काका गेल्यावर पहिल्यांदा रडली म्हणे. आणि रडताना सुद्धा एकच, "त्या मेल्याला सगळं माहीत होतं गं, आणि मला नाही."

इंजिन काढायच्या दिवशी ती मुद्दाम गॅरेजमध्ये गेली. तिला ते निघताना बघायचंच होतं, आणि फिटरचा चेहरा पण बघायचा होता, खोटं कशाला बोला. फिटरने पुढची सीट काढली, पेटी सोडवली, होस पाइप काढले, साखळीची घिरणी लावली आणि इंजिन हळूहळू वर उचललं. काळं, तेलकट, मध्येच टिपकतंय. मावशीला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. इतकी वर्षं आपण ज्याच्यावर जळलो ते एवढंच? एखाद्या ट्रंकेएवढं?

फिटर साखळी धरून उभा राहिला. खाली घेईना.

"वहिनी, अजून वेळ आहे. नाही म्हणालात तर परत बसवतो."

"का? तुमचा जीव अडकलाय?"

"माझा अडकलाच आहे. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही ऐकून न घेताच गेलात." त्याने साखळी हुकाला अडकवली. "नवा काटा मी किती वेळा आणला. वायरसकट. म्हटलं दादा, अर्ध्या तासाचं काम आहे, लावून टाकतो. प्रत्येक वेळी नको म्हणाला. शेवटी मी भडकलो. म्हटलं, अरे हे काय गाडी चालवणं झालं? आमच्या धंद्याची लाज काढतोस, बायकोच्या तळपायाने इंजिन बघतोस. तर म्हणतो कसा, काटा लावला की मी तो बघून आधीच थांबणार, पेटी गारच राहणार, आणि ही मागे पलंगावर जाऊन आडवी होईल. मग माझ्याशी बोलणार कोण? पाय शेकतात म्हणून तरी पुढे बसते, राहू दे."

इंजिन साखळीवर जरासं फिरत होतं.

आता दुसरी कोणी असती तर विरघळली असती. मावशीचं काळीज हललं, नाही असं नाही. पण लगेच दुसरं काहीतरी वर आलं.

"हे तुम्हाला कधी सांगितलं?"

"बरीच वर्षं झाली की."

"मला कधी नाही सांगितलं."

"आता वहिनी, माणूस बायकोला असं तोंडावर थोडंच..."

"मग तुम्हाला बरं सांगितलं! माझ्याबद्दलचं, आणि ठेवायला कोणाकडे दिलं, तर तुमच्याकडे!" ती इतकी चिडली की पर्स खाली पडली. "माझं होतं ते! इतकी वर्षं तुमच्या मिशीखाली दाबून ठेवलंत!"

फिटरने पर्स उचलून दिली.

मावशीने इंजिनकडे बघितलं. परत बसवलं तर काय होईल, ते तिला दिसत होतं. हा रोज त्याच्यात डोकं घालणार. गाडी चालवायला हाच लागणार, सीट पुढे ओढून बसणार. तिने पाय वर ठेवायचे आणि भाजले म्हणून सांगायचं कोणाला, तर याला? तिला ते नको होतं. ते फक्त काकांना सांगायचं होतं.

"नवंच बसवा," ती म्हणाली. "आणि नीट चालणारा काटा लावा. आणि मला गाडी शिकवा. त्या सीटवर तुम्ही परत बसायचं नाही."

फिटरने मान हलवली. मग मिशी चोळत म्हणाला, "मग हे जुनं मी ठेवू का इथे? कोपऱ्यात पडून राहील."

"अजिबात नाही. माझ्या घरी आणून टाका."

"घरी? वहिनी, उचलायला माणसं लागतात. तेल गळतं."

"गळू दे. फरशी माझी आहे."

आणि खरंच आणलं. जिन्याखालच्या जागेत लाकडी ओंडक्यांवर ठेवलं, खाली पत्र्याचा ट्रे. पेटीवरचं ते जाड कापड मावशीने धुऊन त्याच्यावर घातलं. येणारा माणूस विचारायचा, हे काय, कपाट आहे का? मावशी म्हणायची, "सवतीचं माहेरचं सामान."

गाडी पण शिकली, त्या वयात. शिकवणारा फिटरच, पण तो बाजूच्या सीटवर, आणि त्याने पाय खालीच ठेवायचे अशी सक्त ताकीद. पहिल्यांदा एकटी निघाली तेव्हा तिने काकांची सीट परत मागे ढकलून बघितली, पण तिचे पाय पोचेनात. मग पाठीमागे उशी घेतली, सीट नाही हलवली. नवं इंजिन घड्याळासारखं चालायचं. पेटी कोमट सुद्धा व्हायची नाही. ती म्हणायची, गुणी आहे, पण त्याच्याशी बोलावंसं वाटत नाही.

इकडे फिटरचा जीव जिन्याखाली. एक दिवस आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, इंजिन नुसतं पडून राहिलं की आतून गंजून जाम होतं. मधून मधून हाताने फिरवावं लागतं. थोडं तेल घालून चार फेरे द्यायचे. मी येऊन फिरवत जाऊ?"

मावशीने त्याला आपादमस्तक बघितलं. नाहीच म्हणणार होती. मग तिच्या डोक्यात आलं.

"फिरवा. पण फुकट नाही. ह्यांनी तुम्हाला सांगितलेलं आणि मला न सांगितलेलं असं एक एक काढायचं. सांगितलं की मग पाना लावायचा."

तसं सुरू झालं. फिटर यायचा, जिन्याखाली उकिडवा बसायचा, मावशी पायरीवर. काय काय निघालं त्यातून! काकांना तिने शिवलेला निळा शर्ट आवडायचा नाही, काखेत काचायचा, पण ते घालायचे. काका तिची शिवण बघताना मशीनकडे बघतच नसायचे. आई आणि मावशी दोघींना एकाच दिवशी बघायला आले होते, तेव्हा काकांकडून चुकून आईकडे बोट दाखवलं गेलं होतं. हे ऐकून मावशीने आईशी बरेच दिवस बोलणं टाकलं. आई म्हणाली, "अगं त्यात माझा काय दोष?" मावशी म्हणाली, "तू तिथे बसलीसच का?"

प्रत्येक वेळी मावशी ऐकायची, हसायची, आणि मग फिटर गेला की पोटात दुखायचं, हे पण याच्याकडेच होतं म्हणून. मध्येच त्याने एकदा बनवून सांगितलं. म्हणाला, दादा म्हणायचा ही म्हणजे माझं दैवत आहे. मावशी म्हणाली, "पाना खाली ठेवा. ह्यांच्या तोंडून असला शब्द निघणारच नाही. खरं असेल ते आणा, नाहीतर आज फेरा नाही." त्या दिवशी त्याला तसंच परत पाठवलं.

मग तो दिवस आला. फिटर बसला, पाना मांडीवर घेतला, बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "संपलं, वहिनी. आता खरंच काही नाही राहिलं. सगळं देऊन झालं."

मावशीला आधी पटलं नाही. मग त्याचं तोंड बघून पटलं. तिला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. म्हणजे आता त्याच्याकडे काकांचं असं काहीच नव्हतं की जे हिच्याकडे नाही.

"मग मी एक सांगू?" ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नसलेलं?"

फिटर हसला. "गाडीतलं असेल तर मला माहीत नाही असं काही नाही."

"तुम्ही एकदा क्लच बसवून दिला होतात. आम्ही लांबच्या दौऱ्यावर निघालो होतो तेव्हा. पहिल्याच गावाच्या बाहेर ह्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, याने प्लेट उलटी बसवलीये. दिवसभर गाडीखाली पडून सगळा सोडला आणि परत बसवला. मी बाजूला बसून पाने देत होते. मला म्हणाले, त्याला बोलू नकोस, तो फार मनाला लावून घेईल, त्याच्या हातासारखा हात नाही."

फिटरचा पाना खाली पडला.

"उलटी? मी? कधी? कुठल्या गावाला?"

"असेल कुठलंतरी."

"मला कसं नाही सांगितलं त्याने? मी विचारलं होतं त्याला, क्लच कसा आहे, तर लोण्यासारखा म्हणाला! आणि तुम्हाला... हात चांगला आहे असं तुम्हाला म्हणाला?"

"मला म्हणाले."

"माझ्या तोंडावर कधी नाही म्हणाला!"

तो क्लच तर जुन्या गिअरबॉक्सबरोबर कधीच भंगारात गेला होता, त्यामुळे तपासून बघायची पण सोय नव्हती. फिटर उठला, बसला, परत उठला. त्या दिवशी फेरे द्यायचे विसरूनच गेला. दारातून मागे वळून म्हणाला, "अजून आहे का असं काही?"

"आहे की. पण आज नाही."

तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मावशी दारात उभी होती. मग आत आली, चपला पायात तशाच, आणि आईला फोन लावला. आई म्हणाली काय झालं, एवढी का धापा टाकतेस.

"अगं, जळला!" मावशी म्हणाली. "मिशीपासून पायापर्यंत, पार जळला!"